गार्डसाहेबांचं ऊन

"घाम येते का तुले?"

घर भाड्यानं मागायला गेलेल्या बाईला घरमालक काय काय विचारतो, याची मला बऱ्यापैकी कल्पना होती. लग्न झालंय का, नसेल तर का नाही, घरात मटण शिजवणार का, पाहुणे किती येतात. हा प्रश्न मात्र नवा होता. तात्यापाऱ्यातल्या एका दुमजली घराच्या ओट्यावर, एप्रिलच्या दुपारी, मी घामानं निथळत उभी होते आणि समोर बनियन-पायजम्यातले एक उंच, काटकुळे गृहस्थ माझ्या कपाळाकडे बारकाईनं बघत होते.

"दिसून तर राहिला," मी म्हटलं.

"तोंडाचा नाही. पाठीचा. पाठीले येते का?"

येतो म्हटल्यावर वरच्या दोन खोल्या मिळाल्या. "ज्याले घाम येत नाही त्याले मी खोली देत नाही," ते म्हणाले. "तो पहिल्याच नवतप्यात आडवा होते. मंग दवाखान्यात कोण नेईन त्याले? मीच ना." आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "पोरीले पाणी तं देऊ द्या आधी. मंग घ्या परीक्षा."

नवं राज्य नुकतंच झालं होतं. रायपूर राजधानी झालं आणि आमच्या नागपूरच्या कंपनीला तिथं आपलंही एक ऑफिस असावं असं वाटलं. दोन वर्षांसाठी म्हणून मला पाठवलं, आणि मी पुढं कितीतरी वर्षं तिथंच राहिले. त्याला नोकरी जेवढी कारण होती, तेवढंच हे म्हातारं जोडपंही होतं. त्यांना सगळा पारा, म्हणजे सगळा मोहल्ला, गार्डसाहेब म्हणायचा आणि बायकोला काकू. मीही तेच म्हणू लागले.

गार्डसाहेबांचे वडील गोंदियाकडून रेल्वेत लागून इकडे आले, आणि हे स्वतः मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झाले. सगळी हयात गाडीच्या शेपटाला, पत्र्याच्या ब्रेकव्हॅनमध्ये एकट्यानं बसून काढलेली. त्या डब्यात पंखा नव्हता. मे महिन्यात दुर्गच्या अलीकडे गाडी सिग्नलला तासन् तास उभी राहायची, तेव्हा सोबतीला एक सुरई, एक ओला गमछा आणि खिशात कांदा. "पूर्ण ड्यूटी एका सुरईवर काढे मी," ते सांगत. "गाडी थांबल्याबिगर घोट घेत नव्हतो." पाणी कमी पिण्याचा त्यांना असा अभिमान होता, जसा दुसऱ्या कुणाला जास्त दारू पचवण्याचा असतो. इतरांना मात्र ते पाजल्याशिवाय सोडत नसत. ओट्यावर दोन माठ भरलेले असायचे, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला "पिऊन जाय" अशी हाक ऐकावीच लागायची.

मी नागपूरची. उन्हाबद्दल मला कुणी शिकवावं हे मला झेपण्यासारखं नव्हतं. सुरुवातीला आमची त्यावरून चांगलीच जुंपायची. त्यांचं म्हणणं, नागपूरचं ऊन नुसतं बोभाटा करतं, खरं काम रायपूरचं ऊन करतं. मी पेपरमधले आकडे दाखवले की ते म्हणत, "ते कागदाचं ऊन आहे. मी पायाचं सांगून राहिलो."

पायाचं म्हणजे खरोखरच पायाचं. गाडी उभी असताना डब्यातून उतरून झाडाखाली जावं की आतच बसावं, हे ते अनवाणी पाऊल खडीवर ठेवून ठरवायचे. पाऊल टिकलं तर उतरायचं, नाही टिकलं तर आतच. निवृत्तीनंतर खडी गेली आणि गच्चीची स्लॅब आली. रोज सकाळी आणि दुपार कलली की ते चपला जिन्यात काढून गच्चीवर जायचे, मधोमध उभे राहायचे, आणि खाली येऊन गॅलरीच्या कठड्याला फडकं बांधायचे. लाल किंवा हिरवं. लाल असलं की पाऱ्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी घराबाहेर पडायचं नाही. हिरवं लागलं की लाइन क्लिअर.

बाहेरचा माणूस हसला असता. आम्हीही हसायचो, पण मानायचो. समोरचे पेन्शनर हिरवं बघूनच फिरायला निघत. खेड्यावरून भाजीची टोपली घेऊन येणारी दीदी लाल दिसलं की सरळ गार्डसाहेबांच्या ओट्यावर बसून घ्यायची. काकू तिला ताटलीत बासी द्यायच्या, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, वर कांदा. ती जेवून भिंतीला टेकून झोपायची, आणि हिरवं लागलं की टोपली डोक्यावर घेऊन "जात हंव कका" म्हणत निघायची. इतकी वर्षं या माणसाचा सिग्नल कधी चुकला नव्हता, आणि हे ते स्वतःच आम्हाला आठवड्यातून एकदा ऐकवायचे.

नवतपा हा त्यांच्या वर्षाचा सगळ्यात मोठा सण. रोहिणीत सूर्य शिरला की पहिले नऊ दिवस. ऊन मी मी म्हणत असायचं, आणि नेमक्या त्या नऊ दिवसांत हा गृहस्थ घरातला कूलर बंद ठेवायचा. नवतपा पोटभर तापला नाही तर पुढं पाणी पडत नाही, म्हणून त्यात आपण लुडबूड करायची नाही.

"तुमच्या एका कूलरनं पाऊस अडते काय?" काकू दरवर्षी विचारायच्या.

"सगळ्यांनी असंच म्हटलं तं?"

"सगळ्यांनी लावलाच आहे. आपलंच घर तेवढं भट्टी आहे."

मग काकू ओलं पातळ खिडकीला बांधायच्या, आंब्याचं पन्हं करायच्या, आणि नवरा गच्चीवर गेला की अर्धा तास कूलर लावून घ्यायच्या. मी वरच्या मजल्यावर माझा कूलर चालवते, याकडे गार्डसाहेब काणाडोळा करत. भाडेकरूंना नवतपा लागू नसावा.

पुढं पुढं मात्र ऊन त्यांच्या हुकमतीत राहीनासं झालं. होळी व्हायच्या आधीच दुपारी रस्ता ओस पडायला लागला. एका वर्षी ऐन नवतप्यात ढग आले आणि धो धो पाऊस झाला, तेव्हा ते दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, त्यात कोपऱ्यावरचा कडुनिंब गेला. ज्याच्या त्याच्या भिंतीवर एसीचा डबा बसला आणि गरम हवा गल्लीत फेकू लागला. पूर्वी गच्चीवर संध्याकाळी पाणी मारलं की रात्री गोधडी घ्यावी लागायची. आता पाणी मारलं की नुसती वाफ यायची, आणि पहाटेपर्यंत स्लॅब गरम. "पहिले ऊन दिवसाची ड्यूटी करे," ते म्हणत. "आता ओव्हरटाइम करते."

ऊन बदललं हे त्यांना पहिल्यापासून कळत होतं. आपण बदललो हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि आमच्याही नाही. हिरवं फडकं हळूहळू लवकर लागायला लागलं होतं. म्हातारपणी स्वभाव मऊ झाला, असं आम्ही थट्टेनं म्हणायचो. चहा ते उकळता पिऊ लागले होते, कपातून वाफ निघत असताना. काकू एकदा मला म्हणाल्या, "अंगाले हात लावला तं तापलेले असतात, आणि म्हणतात मले तं गार वाटून राहिलं." पाणी तर संध्याकाळपर्यंत नाहीच. जास्त प्यायलं की रात्री उठावं लागतं, हे आणखी एक कारण निघालं होतं. काकू पेला घेऊन मागं लागायच्या आणि हे "तहान लागली की पिईन" म्हणून हात झटकायचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं काकू पेला परत नेताना पुटपुटायच्या.

त्या वर्षीच्या नवतप्यात एका रविवारी मी घरी होते. दुपार अजून भरात होती. गॅलरीत हिरवं फडकं लागलेलं दिसलं तेव्हा मलाही जरा लवकर वाटलं, पण सिग्नलवर शंका घ्यायची आमच्याकडे पद्धत नव्हती. ओट्यावरची दीदी उठली, टोपली घेतली आणि निघाली. थोड्या वेळानं काकूंनी मला हाक मारून गच्चीवरच्या कुरडया उचलून आणायला सांगितलं.

जिन्याच्या वरच्या पायरीवर त्यांच्या चपला होत्या. फडकं बांधून ते पुन्हा वर गेले होते. गच्चीच्या मधोमध, अनवाणी, हात मागं बांधून उभे, जणू ब्रेकव्हॅनच्या कठड्याशी उभे आहेत आणि मागं पडणारे रूळ बघतायत.

"गार झालं पाहा," ते म्हणाले. "हात लावून पाहा."

मी वाकून स्लॅबला हात लावला आणि चटकन ओढून घेतला. मग त्यांच्या पायांकडे पाहिलं. ते एक पाऊल पुढं सरकले, आणि जिथं उभे होते तिथं ओला ठसा राहिला. तळव्यांना फोड येऊन फुटले होते, आणि त्या माणसाला पत्ता नव्हता. मी त्यांचा दंड धरला. कातडी तव्यासारखी तापलेली आणि कोरडी ठक्क, घामाचा थेंब नाही.

"बिल्हा सुटलं काय?" त्यांनी मला विचारलं. बिल्हा हे बिलासपूरच्या अलीकडचं स्टेशन. मी खूप घाबरले. हो म्हटलं, सुटलं, चला आता उतरायचंय, आणि त्यांना धरून धरून खाली आणलं.

काकूंनी एक नजर टाकली, नवऱ्याला पलंगावर बसवलं आणि कूलरचं बटण दाबलं. टाकी कोरडी होती, तर माठ उचलून त्यात ओतला. "नवतपा गेला खड्ड्यात," एवढंच त्या बोलल्या. आम्ही ओल्या चादरी अंगावर घालत होतो तेवढ्यात गल्लीतून आरडाओरड ऐकू आली. दीदी कोपऱ्यावर, जिथं पूर्वी कडुनिंब होता तिथं, चक्कर येऊन खाली पडली होती. शेजाऱ्यांनी तिला उचलून सावलीत आणलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, आणि ती सावरली. गार्डसाहेबांना मात्र शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात न्यावं लागलं.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, पण तिनं समजावून सांगितलं. या वयात बऱ्याच जणांची तहान मंदावते, घाम कमी येतो, कातडीला पूर्वीसारखं ऊन कळत नाही. शिवाय यांना साखरेचा आजार असणार, तपासलेला नाही, म्हणून पाय बधिर झालेत. "अब इनके पैरों के भरोसे मत रहिए," ती काकूंना म्हणाली. गार्डसाहेब तोंड भिंतीकडे करून पडले होते. नंतर मला हळूच म्हणाले, "पोट्टी शिकलेली आहे, पण स्लॅब गारच होती."

शहराबाहेर नव्यानं वसवलेल्या नवा रायपूरहून त्यांचा मुलगा धावत दवाखान्यात आला. तिकडे सरकारी ऑफिसात होता, मोठ्या फ्लॅटमध्ये राहायचा. एकुलता एक, प्रेमळ, पण मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देणारा. "बाबा, अब बस," तो म्हणाला. "आप दोनों मेरे साथ चलेंगे. वहाँ हर कमरे में एसी है." गार्डसाहेब आता उसळणार म्हणून आम्ही वाट बघत होतो. "माझं घर आहे, माझा पारा आहे" हे सगळं जिभेवर तयार असणार होतंच.

तेवढ्यात दीदी आली. पिशवीत काकड्या घेऊन कका कसे आहेत ते बघायला आली होती. गार्डसाहेबांना तिचं काही माहीतच नव्हतं. तिच्या गुडघ्यावरची पट्टी बघून त्यांनी विचारलं, काय झालं. "कुछु नइ कका," ती हसत म्हणाली. "तुंहर झंडा हरियर रहिस, त मैं निकल गेंव. चक्कर आ गे." तुमचं फडकं हिरवं होतं म्हणून मी निघाले. तिच्या बोलण्यात तक्रारीचा लवलेश नव्हता, आणि म्हणूनच ते त्यांना फार लागलं. ती गेल्यावर ते काकूंना म्हणाले, "ते फडके काढून टाक."

आणि ते मुलाबरोबर एक शब्द न बोलता गेले. काकू मला म्हणाल्या, की तापापेक्षा मला याचीच धास्ती वाटली.

पावसाळ्यात मी त्यांना भेटायला नवा रायपूरला गेले. रस्ते असे रुंद, की पलीकडे जाताना वाटेत विसावा घ्यावासा वाटावा. बस फारशी नाही, पायी चालणारं माणूस नाही. फ्लॅट छान होता. गार्डसाहेब स्वेटर घालून बंद काचेच्या खिडकीशी बसले होते. मला बघून त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी थंडीच्या नावावर खपवलं.

"गमते का इथं?" मी विचारलं.

"काय गमते? दिवसभर माणूस दिसत नाही. पिऊन जाय म्हणू तं कोणाले म्हणू?"

काकू भेंड्या चिरत होत्या. त्यांनीच सांगितलं, की इथं आल्यावर परत एकदा डॉक्टर करावा लागला. बाहेर लू लागून वाळले होते, इथं एसीत बसून वाळले. गारव्यात तर पाण्याची आठवणच होत नाही. पेला तसाच पडून राहतो. मुलगा-सून ऑफिसात, आणि काकूंनी म्हटलं तर ऐकायचं नाही ही जुनी सवय.

"मले तहानच लागत नाही, पोट्टे," गार्डसाहेब एकदम म्हणाले. एवढ्या वर्षांत प्रथमच त्यांनी एखादी उणीव कबूल केली होती. "कधी बंद झाली, समजलंच नाही. पाय सांगत नाही, घसा सांगत नाही. मंग माणसानं कोणाच्या भरवशावर राहावं?"

काकूंनी भेंडीवरची मान वर केली, त्यांच्याकडे जरा पाहिलं, आणि पुन्हा चिरायला लागल्या.

दिवाळीनंतर दोघं परत आले. काकूंनीच मुलाला सांगितलं, की यांना इथं गमत नाही, जीव झुरून चाललाय, मी सांभाळते. मुलानं मोठ्या मुश्किलीनं ऐकलं, पण अट घातली. नवतपा असो की काही असो, कूलर चालू राहील, बाबा गच्चीवर जाणार नाहीत, आणि पुन्हा एकदा जरी तब्येत बिघडली तरी घराला कुलूप लावून कायमचं नवा रायपूर. गार्डसाहेबांनी अट ऐकून घेतली. हा ओटा, हा पारा सोडून पुन्हा त्या काचेमागं बसायचं, या कल्पनेनं ते किती हबकलेत, हे त्यांनी लगेच "हो" म्हटलं त्यावरूनच मला कळलं.

उन्हाळा लागताच पारा अस्वस्थ झाला. लोक गॅलरीकडे बघत आणि काही न बोलता पुढं जात. शेवटी काकूंनी फडकी धुऊन काढली. त्यांचा सिग्नल सरळ घड्याळाचा होता. सकाळचा नाश्ता झाला की लाल, आणि दिवेलागणीला हिरवं, मग आकाशात काहीही असो.

"हा काय सिग्नल आहे?" गार्डसाहेब कुरकुरायचे. "कोणी पण देईन असा."

"म्हणून तं मी देऊन राहिली," काकू म्हणायच्या.

कूलर त्यांनी सोसला, गच्चीही सोडली. पण पाण्याचा पेच काही सुटेना. तहान नसताना पाणी पिणं त्यांना खोटं बोलल्यासारखं वाटत असावं. काकू पेला भरून ठेवत, आणि हे त्याच्याकडे पाठ करून बसत. चिडचिड, रुसवे, जेवणावरून उठणं, सगळं झालं. वरच्या मजल्यावर मला ऐकू यायचं आणि जीव तुटायचा, कारण दोघांचंही बरोबर होतं.

नवतप्यातच एका रविवारी मुलगा आला. मी खालीच काकूंना पापड लाटू लागत होते. त्यानं बाबांच्या कपाळाला हात लावला, ओठांकडे पाहिलं. ओठ सुकून भेगाळलेले. बाजूच्या स्टुलावर पेला काठोकाठ भरलेला, तसाच.

"पानी पिया, बाबा?"

"तहान नाही लागली."

"सुबह से?"

मुलानं काकूंकडे पाहिलं. रागानं नाही, थकून. "देखा आई? सामान बांधो. मैं गाड़ी निकालता हूँ."

गार्डसाहेबांनी दाराकडे पाहिलं, ओट्यावरच्या माठांकडे पाहिलं, तिथं सावलीला दीदी टोपली शेजारी ठेवून पेंगत होती. मग पेल्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला, की मला नजर दुसरीकडे वळवावी लागली. जन्मभर दुसऱ्यांना सिग्नल देणारा माणूस बायकोकडे वळला, आणि अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं,

"काय वं, मले तहान लागली काय?"

काकूंचं लाटणं थांबलं.

"हव," त्या म्हणाल्या. "कवाची."

गार्डसाहेबांनी पेला उचलला आणि न थांबता संपवला. मुलगा गाडीची चावी हातात घेऊन तसाच उभा होता. गार्डसाहेबांनी रिकामा पेला काकूंपुढे धरला.

"अजून?"

"अजून," काकू म्हणाल्या.